‘हाव, समजनं’ : बारावी गणिताच्या एका अभ्यासगटाचं प्रकरण

पार्श्वभूमी

जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवतो. हे प्रकरण बारावी विज्ञानाच्या सात मुलामुलींचं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. पुढे ज्याच्याकडे जो धडा आला, त्या धड्याच्याच नावाने मी इथे त्यांना ओळखतो : इंटिग्रेशनवाली, मॅट्रिक्सवाला, लॉजिकवाली, प्रोबॅबिलिटीवाली, डेरिव्हेटिव्हवाला, एलपीपीवाला (एलपीपी म्हणजे लिनिअर प्रोग्रॅमिंग प्रॉब्लेम) आणि व्हेक्टरवाला. शेवटी शेवटी गटातही त्यांना हीच हाक पडायची.

सातही जण कापूस पट्ट्यातल्या तीन खेड्यांतून एसटीने येत. मुलींना बारावीपर्यंत पास मोफत आहे, म्हणून तर तिघींचं शिक्षण दहावीनंतर थांबलं नाही. कॉलेज सकाळी साडेसातला भरतं, साडेबाराला सुटतं. परतीची गाडी पावणेतीनला. मधले सव्वादोन तास स्टँडवर काढायचे. गट त्या स्टँडच्या बाकावर आपोआप जमला, मी जमवला नाही.

सातांपैकी सहा जण दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेले. घरी अहिराणी, शाळेत मराठी, आणि अकरावीला विज्ञान घेतलं की गणिताचं पुस्तकही इंग्रजी, पेपरही इंग्रजी. त्यात अकरावी हे आपल्याकडे विसाव्याचं वर्ष मानलं जातं. दहावीचा शीण काढायचा आणि बारावीत जोर लावायचा, असा हिशेब. त्रिकोणमितीची सूत्रं मात्र अकरावीतली असतात, आणि बारावीच्या इंटिग्रेशनमध्ये ती उधारी व्याजासकट वसूल होते.

अडचण कुठे दिसली

सहामाहीत सातांपैकी तिघेच पास झाले. इंटिग्रेशनवालीला ८० पैकी ६६, मॅट्रिक्सवाल्याला १९. पण मला खटकलं ते वेगळंच. या सातही जणांचा गृहपाठ जूनपासून एकदाही अपुरा नव्हता. वह्या भरलेल्या, स्वच्छ, उत्तरांखाली पट्टीने रेघ. मग पेपर कोरा का?

उत्तर नोव्हेंबरात सापडलं, तेही एका चुकीमुळे. डेफिनिट इंटिग्रेशनचं साधं उदाहरण दिलं होतं : साइन स्क्वेअर एक्स गुणिले कॉस एक्स, शून्यापासून पाय (π) भागिले २ पर्यंत. साइन एक्सला टी धरायचं, मग मर्यादाही बदलतात; शून्याला शून्य आणि पाय भागिले २ ला १. उत्तर येतं एक तृतीयांश. पहिल्या वहीत उत्तर होतं पायचा घन भागिले २४. म्हणजे टी धरला, पण मर्यादा एक्सच्याच ठेवल्या. नेहमीची चूक. दुसऱ्या वहीत तेच, तिसरीतही तेच. सातही वह्यांत पायचा घन भागिले २४, आणि सातही ठिकाणी त्याखाली पट्टीने रेघ.

मी लॉजिकवालीला विचारलं, “अगं, हा पाय कुठून आला?”

“सर, तिच्या वहीत होता.”

“तुला समजलं होतं का पण?”

“हाव सर, समजनं व्हतं.”

ती खोटं बोलत नव्हती. तिला खरंच वाटत होतं की समजलंय. इंटिग्रेशनवाली रात्री घरचं सगळं आवरून साडेअकराला उदाहरणं सोडवायची, पानाचा फोटो मोबाइलवर गटात टाकायची, आणि सकाळच्या गाडीत सहा वह्या भरायच्या. त्या रात्री तिला झोप अनावर झाली होती. तिची चूक सहा जणांनी जशीच्या तशी उतरवली, कारण तपासायला कोणी थांबलंच नाही.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम स्टँडवर गेलो आणि थोडा लांब बसलो. बाकावर इंटिग्रेशनवाली, मांडीवर वही, हातात पेन. भोवती सहा डोकी. ती भराभर सोडवत होती आणि प्रत्येक पायरीला विचारत होती, “समजनं का?” सहा तोंडं एकदम : “हाव, समजनं.” मी वीस मिनिटं पाहिलं. तेवढ्या वेळात पेन दुसऱ्या कोणाच्या हातात गेलं नाही.

मदत करणारी जीव तोडून मदत करत होती, मदत घेणारे मनापासून ऐकत होते, आणि त्यातून शिकत होती ती एकटीच.

समोरचे पर्याय

पहिला विचार आला तो गट मोडण्याचा. फोटो बंद, ज्याने त्याने आपापलं करावं. सहकाऱ्यांपैकी दोघांचं हेच मत होतं. पण मी त्यांची घरं पाहिली होती. तिथे अडलेलं विचारायला दुसरं कोणी नाही. गट मोडला असता तर सहा भरलेल्या वह्यांच्या जागी सहा कोऱ्या वह्या आल्या असत्या, एवढाच फरक.

खाजगी क्लास हा दुसरा मार्ग. तालुक्याला चांगले क्लास आहेत, पण बॅच संध्याकाळची, आणि त्यानंतर दोन खेड्यांना गाडी नाही. फीचा प्रश्न तर होताच. कापूस विकला गेल्याशिवाय कोणाच्या घरी पैसा नव्हता. जादा तास मी आनंदाने घेतला असता, पण सकाळी त्यांची गाडीच सात-वीसला पोहोचते आणि दुपारी मला दुसरे वर्ग असतात.

राहिला चौथा मार्ग : गट तसाच ठेवायचा, पण मदतीची रीत बदलायची. यातली जोखीम मला दिसत होती. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीत, हातात जेमतेम अडीच महिने, आणि नवी रीत अंगवळणी पडेपर्यंत वेग कमी होणार. वाया गेलं असतं तर ते मुलांचं वर्ष, माझं नव्हे. दोन दिवस विचार करून मी हाच मार्ग घेतला.

पहिला दिवस आणि माझी चूक

प्राचार्यांची परवानगी घेऊन साडेबारानंतर एक वर्ग मोकळा ठेवला. शिपाईकाकांनी किल्लीची जबाबदारी घेतली. ही गोष्ट किरकोळ वाटेल, पण मुलींच्या घरच्यांना ‘स्टँडवर बसतात’ आणि ‘कॉलेजात बसतात’ यांतला फरक फार मोठा असतो.

पहिल्याच दिवशी मी सातही जणांचे सहामाहीचे गुण मोठ्याने वाचून दाखवले. कोणाला कुठे मदत लागणार हे सगळ्यांना कळावं, एवढाच हेतू. व्हेक्टरवाल्याला २३ होते. घरी त्याने वेगळाच आकडा सांगितला होता आणि गटात त्याच्या गावची दोन मुलं बसली होती. दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही. त्याच्याकडे व्हेक्टरचा धडा येणार होता. तो धडा शेवटपर्यंत कोणाचाच झाला नाही. पुढे तो मामाकडे राहून क्लासला जाऊ लागला. मी घरी जाऊन बोललो, माफीही मागितली. तो माझ्याशी नीट बोलला, पण गटात परतला नाही. या प्रकरणात माझ्या हातून झालेली सगळ्यात मोठी चूक ती हीच.

बहात्तर भुंगे

उरलेल्या सहा जणांना मी असं उदाहरण दिलं, ज्याचा फोटो कोणाकडे नाही आणि जे गाइडमध्ये नाही. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तलं भुंग्यांचं. चाळीसगावजवळच्या पाटणला शके ११२८ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढल्याची नोंद त्यात आहे. मुलांना पाटणादेवी सहलीपुरती माहीत होती, हे माहीत नव्हतं. आपल्याच मातीत आठशे वर्षांपूर्वी याच ग्रंथांचा अभ्यास चालायचा, हे सांगितल्यावर ती जरा सावरून बसली.

उदाहरण मराठीत सांगितलं : एका थव्यातल्या निम्म्या भुंग्यांचं वर्गमूळ जेवढं, तेवढे भुंगे मालतीच्या फुलांवर गेले. सगळ्या थव्याचे आठ नवमांशही तिकडेच गेले. मागे एक जोडी उरली. भुंगे किती?

इंटिग्रेशनवालीने समीकरण मांडायला घेतलं. थवा म्हणजे दोन एक्स वर्ग धरला, वर्गसमीकरणापर्यंत आली. तेवढ्यात मागच्या बाकावरून मॅट्रिक्सवाला म्हणाला, “सर, ७२.”

“काबरं?” मी विचारलं.

तो उठून फळ्याशी आला. संख्येला ९ ने भाग जायला हवा, नाहीतर भुंगा तुटेल. आणि तिचं निम्मं पूर्ण वर्ग हवं. अशी पहिली संख्या १८. निम्मे ९, वर्गमूळ ३. आठ नवमांश १६. तीन आणि सोळा १९ झाले, थव्यापेक्षाच जास्त. पुढची ७२. निम्मे ३६, वर्गमूळ ६. आठ नवमांश ६४. सहा, चौसष्ट आणि दोन मिळून बरोबर ७२.

सहामाहीत १९ गुण मिळवणारा हा मुलगा. त्याची अडचण गणितात नव्हतीच, प्रश्न वाचण्यात होती. सहा महिने मी त्याला ‘कच्चा’ समजत होतो. त्या दुपारी मला माझ्या वर्गाकडे नव्याने पाहावं लागलं.

रीत कशी बदलली

नियम मुलांनीच ठरवले, मी फक्त पहिला दिला : पेन अडलेल्याच्याच हातात राहणार. सांगणाऱ्याने तोंडाने सांगायचं, वहीला हात लावायचा नाही. इंटिग्रेशनवालीला हे सगळ्यात जड गेलं. समोरचा चुकतोय हे दिसत असताना गप्प बसणं तिला जमेना. पहिल्या आठवड्यात ती अक्षरशः हाताची घडी घालून बसायची.

‘समजनं का’ हा प्रश्न बंद झाला. त्याच्या जागी भुंग्यांच्या दिवशीचा ‘काबरं?’ आला. टी का धरला, काबरं? मर्यादा बदलल्या, काबरं? उत्तर आलं नाही तर एक पायरी मागे. ‘हाव’ म्हणून सुटता येईल असा प्रश्नच उरला नाही. याच प्रश्नातून डेरिव्हेटिव्हवाल्याने त्या जुन्या उदाहरणाचा निकाल लावला. साइन स्क्वेअर एकाहून मोठा होत नाही, म्हणजे साइन स्क्वेअर गुणिले कॉस हे कॉसच्या वर जाणार नाही. आणि कॉसचं तेवढ्याच मर्यादांत इंटिग्रेशन १ येतं. पायचा घन भागिले २४ ची किंमत १.२९ च्या आसपास. “मग सर, हे उत्तर बघताक्षणीच चूक आहे!” हे मी शिकवलेलं नव्हतं.

फोटोंचं काय करायचं यावर वाद झाला. मी बंदी घालणार होतो. प्रोबॅबिलिटीवाली म्हणाली, “सर, बंदी घातली तर आम्ही लपून टाकू.” खरं होतं. तिनेच तोड काढली : फोटो टाकायचा तो स्वतः कुठवर आलो त्याचा, आणि उत्तर म्हणून फक्त एक ओळ द्यायची.

मग प्रत्येकाकडे एक धडा. इथे निर्णयाचा प्रश्न होता : धडा हुशाराला द्यायचा की कच्च्याला? मी कच्च्याला दिला, पण धडा निवडून. मॅट्रिक्सवाल्याला मॅट्रिक्स अशासाठी की तिथे इंग्रजी कमी, अकरावीच्या त्रिकोणमितीची उधारी नाही, आणि उत्तर स्वतः तपासता येतं. मूळ मॅट्रिक्स गुणिले इनव्हर्स केलं की आयडेंटिटी आली पाहिजे. आली नाही तर कोणाला विचारायला नको, चूक आपली. सोमवारी मी त्याला वीस मिनिटं आधी शिकवायचो, मग तो गटाला. पहिल्यांदा तो तयारी न करताच आला आणि फळ्यापुढे गप्प उभा राहिला. दिवाळीच्या सुट्टीनंतरही घरी वेचणी चालू होती; संध्याकाळी कापूस वेचून आल्यावर वही उघडायचं त्राण त्याच्यात नव्हतं. तेव्हापासून तयारी कॉलेजातच करायची, घरी नाही, असं ठरलं.

प्रोबॅबिलिटीवालीची अडचण भाषेची निघाली. नाणं पाच वेळा उडवलं, ‘ॲट लीस्ट’ चार छापे येण्याची शक्यता काढा. ‘लीस्ट’ म्हणजे सगळ्यात कमी, म्हणून तिने चार आणि चारपेक्षा कमी असं धरलं. उत्तर ३१ भागिले ३२. खरं तर ‘कमीत कमी चार’ म्हणजे चार किंवा पाच, उत्तर ३ भागिले १६. तिने वहीच्या मागच्या पानावर शब्दांची यादी सुरू केली : ॲट लीस्ट, ॲट मोस्ट, रिस्पेक्टिव्हली, हेन्स. ‘हेन्स’चा अर्थ वर्गात निम्म्यांना माहीत नव्हता, हे मला त्या यादीने सांगितलं. वर्गात मी जूनपासून तो शब्द फळ्यावर लिहीत होतो.

शिवाय एक चुकांची वही ठेवली, सगळ्यांची मिळून. तिच्यात फक्त चुकलेली पायरी, ज्याची त्याच्या अक्षरात, आणि खाली ‘काबरं’. बरोबर उत्तर लिहायचं नाही.

वडील आले तो दिवस

डिसेंबरच्या मध्यावर इंटिग्रेशनवालीचे वडील कॉलेजात आले. पाच एकर कोरडवाहू, पोरीला इंजिनिअर करायचं हे स्वप्न. बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, “सर, मन्ही पोर दुसरास्ले शिकाडस. तिना सोताना अभ्यास कव्हय व्हई?”

माझ्याकडे ठरलेलं उत्तर होतं : नाना, शिकवल्याने तिचंच पक्कं होतंय. हे अर्धं खरं होतं. बोर्डाच्या पेपरात पायऱ्यांना गुण असतात, आणि ‘काबरं’ला उत्तरं देऊन देऊन तिच्या पायऱ्या खरोखर चोख झाल्या होत्या. पण इंजिनिअरिंगच्या प्रवेशाची सीईटी वेगळी असते. तिथे गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत, प्रत्येकी दोन गुण, फक्त पर्याय निवडायचा. तिथे वेग लागतो, आणि अकरावीचाही साधारण २० टक्के भाग असतो. कोणाला तरी शांतपणे समजावून सांगण्याने तो वेग येत नाही.

नानांना मी हे सगळं सांगितलं. मुलीला बोलावलं. तिने गट सोडायला नकार दिला. पण रडत म्हणाली की रात्री तिला आता बसवत नाही. तिला कोणी विचारलंच नव्हतं. मीही नाही. ठरलं असं : आठवड्यातून दोनच दिवस ती गटात, बाकी दिवस शेजारच्या रिकाम्या वर्गात घड्याळ लावून सीईटीचे प्रश्न. रात्री दहानंतर कोणीही तिला काही विचारायचं नाही.

गटाला हा निर्णय परवडेल का, याची मला धास्ती होती. झालं उलटच. ती नसायची त्या दिवशी बाकीचे एकमेकांकडे वळले. आवाज वाढला, चुकाही वाढल्या, पण त्या चुका आता पाच तऱ्हांच्या होत्या.

निकाल

जानेवारीच्या पूर्वपरीक्षेपर्यंत फार मोठा बदल दिसला नाही. उलट एलपीपीवाल्याचे गुण घसरले. तिथे मी डगमगलो होतो. पूर्वपरीक्षेनंतर पेपरचा आराखडा पुढे ठेवून प्रत्येकाशी वेगळं बसलो. ८० पैकी पहिले २० गुण सक्तीचे; पुढे दोन गुणांच्या १२ प्रश्नांतले ८, तीन गुणांच्या १२ तले ८, चार गुणांच्या ८ तले ५ सोडवायचे. म्हणजे एखादा धडा बाजूला ठेवायला जागा आहे. पण कोणता? मॅट्रिक्सवाला इंटिग्रेशन सोडू म्हणत होता. त्याला मी नाही म्हटलं, कारण डेफिनिट इंटिग्रेशन, क्षेत्रफळ आणि डिफरन्शियल इक्वेशन ही तिन्ही त्याच खुंटीला टांगलेली आहेत. त्याऐवजी लाइन अँड प्लेन सोडलं.

बोर्डात सहांपैकी पाच पास झाले. मॅट्रिक्सवाल्याला लेखीत ८० पैकी ४७. प्रोबॅबिलिटीवाली पन्नाशीच्या पुढे गेली. एलपीपीवाला राहिला आणि पुरवणी परीक्षेत सुटला. व्हेक्टरवाला क्लासच्या बळावर चांगल्या गुणांनी पास झाला; त्याला गटाची गरज होतीच असं मी म्हणू शकत नाही.

इंटिग्रेशनवालीला ७४. सीईटीत मात्र तिला जे पर्सेंटाइल हवे होते ते मिळाले नाहीत. जळगावलाच तिने इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला. जी शाखा हवी होती ती मिळाली नाही. नोव्हेंबर-डिसेंबरचे ते तास तिला स्वतःसाठी मिळाले असते तर चित्र वेगळं असतं का? तिला विचारलं तर ती नाही म्हणते. नाना काही बोलत नाहीत. मला वाटतं, थोडा फरक पडला असता.

पुन्हा करायचं तर

गुण कधीही चारचौघांत वाचणार नाही. मदत करणाऱ्या मुलीशी आणि तिच्या घरच्यांशी पहिल्याच आठवड्यात बोलेन, त्यांनी येण्याची वाट पाहणार नाही. तिचे तास आधी ठरतील, मग गटाचे. सुरुवात जूनमध्ये, आणि पहिले तीन आठवडे फक्त अकरावीची सूत्रं. शब्दांची यादी पहिल्या तासापासून. वेचणीच्या दिवसांत घरचा अभ्यास गृहीत धरणार नाही.

एका गोष्टीवर माझं अजून ठरत नाही. इंटिग्रेशनवालीला गटात अजिबात नसतं ठेवलं तर? ती दूर झाल्यावरच बाकीचे बोलू लागले. पण तिने आधी पेन खाली ठेवून दाखवलं नसतं, तर ते त्यांनी उचललं असतं का, हे मला सांगता येत नाही.

यंदा जूनमध्ये नव्या बारावीतल्या चार मुली वर्गाची किल्ली मागायला आल्या. चुकांची वही मी त्यांना दिली. त्यांनी तिथेच उभ्याने चाळली आणि पायचा घन भागिले २४ च्या पानावर थांबल्या. एकीने पेन काढलं, मर्यादांवर गोल केला आणि बाकीच्यांना विचारलं, “हाई काबरं?”